दिसेल तेवढाच रस्ता आपला



घोटीचा पाऊस आणि घोटीचे धुके आपल्याला नवे नाही. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की आषाढ-श्रावणात मुंबई-आग्रा महामार्गावर पुढच्या गाडीचा लाल दिवा काय तो दिसतो. त्यावेळी जो तो जपूनच चालतो. परंतु आमचे म्हणणे असे की, धुके ओसरून गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे धोका टळत नाही. तेव्हा रस्ता झाकणारे आपणच असतो.

उसाने भरलेली ट्रॉली म्हणजे चालती भिंत. मागच्या मोटारसायकलवाल्याला पुढचे काही दिसत नाही. मग ट्रॅक्टरवाला हात दाखवतो, नाहीतर उजवा इंडिकेटर लावतो, आणि मागचा बिनधास्त पुढे घुसतो. अहो, तो इंडिकेटर ‘ये पुढे’ म्हणतोय की ‘मी उजवीकडे वळतोय’ म्हणतोय, हे ठरवायचे कोणी? दुसऱ्याच्या डोळ्यांनी ओव्हरटेक करू नये. पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल, तर ओव्हरटेक करायचे नाही, हे १९८९ च्या रस्ता-नियमांत होते आणि २०१७ च्या नव्या नियमांतही आहे.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर सरते. गाडी थांबायची ती त्याच्याही पुढे. म्हणून जेवढे दिसते तेवढ्यात गाडी उभी राहील, एवढाच वेग ठेवावा. शिवाराचा रस्ता एकेरी असेल तर निम्म्यातच, कारण समोरूनही कोणीतरी येत असतो. धुक्यात अप्पर लावला तर उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. लाइट डिपरवरच ठेवावा.

आता आपल्या घरचे पाहू. लोंबणाऱ्या वाढ्यांनी मागचा दिवा झाकतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखतो. पंक्चर ट्रॉली वळणावर सोडून, मागे चार दगड मांडून मंडळी चहाला जातात. रात्री ते दगडही दिसत नाहीत. शेतरस्ता सडकेला मिळतो तिथे पुरुषभर उंच ऊस उभा असतो. त्या कोपऱ्यातल्या चार सऱ्या आधी तोडाव्यात, पुढच्या लागणीला तिथे भुईमूग नाहीतर हरभरा घ्यावा. नुकसान होईल ते थोडके.

आणि कारखान्यानेही मागे राहू नये. दिवा-रिफ्लेक्टर नसलेल्या वाहनाला वजनकाट्यावर नंबरच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही वाहनमालक सभासद नाराज होतील, होऊ द्यात. ऊस उशिरा पोचला तर फार तर वजनात घट येते. घरी वाट पाहणाऱ्यांना ‘उशीर झाला’ एवढेच ऐकू येवो, याहून आमचे दुसरे मागणे नाही.