एकच गिअर पुरे

तंजावरला मी नॉटिंगहॅमची जुनी रॅले सायकल घेतली. तिला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब होता. त्याचे सुटे भाग जवळपास मिळेनात. मागच्या रिमला ४० स्पोक, देशी हबलाही तेवढेच. म्हणून साधा हब आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील बसवले. पुढे ४६ दाते. पॅडलच्या एका फेऱ्यात चाक अडीच वेळा फिरते. कावेरीच्या सपाट मुलखात तेवढे पुरते.

काही मित्र म्हणतात, जुन्या वस्तूचे मोल घटले. मला ते पटत नाही. १९४१-४२ मध्ये मलायात जपानी सैनिकांनी साध्या सायकलींवरून मुसंडी मारली. टायर फाटले तरी ते रिमवर पुढे गेले. कॅडेट मित्रांनो, वाटेत आपल्याच हातांनी दुरुस्त होते, तेच साधन भरवशाचे. मूळ हब मात्र तेल घालून जपून ठेवला आहे.