'तू नुसते तोंड हलव'

मागच्या हिवाळ्यात रांझीच्या एका शाळेत सहावीतल्या एका मुलाला मी हे वाक्य सांगितले. सांगितले हिंदीत, पण अर्थ हाच. त्या वाक्याचा हिशेब या लेखात द्यायचा आहे.

मी संगीत घेऊन पदवीधर झाले आणि सध्या शिक्षक-प्रशिक्षण घेत आहे. वडील जबलपूरच्या आर.एम.एस.मधून सॉर्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे संघटनेचे मासिक आमच्या घरी मी लहान असल्यापासून येते. वेतन, पेन्शन, खासगीकरण असे जिव्हाळ्याचे प्रश्न असताना या पानावर शाळेतल्या गाण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे, एवढीच विनंती.

रांझी ही जबलपूरची कामगार वस्ती. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ची वाहन फॅक्टरी यांच्या जोरावर ती वाढली. घरोघरी कोणी ना कोणी पाळीला जाणारे. सरावपाठासाठी मला मिळालेल्या वर्गात ५२ मुले होती. शाळेत संगीताचा शिक्षक नाही. सकाळची प्रार्थना लाउडस्पीकरवर वाजते. गीत 'हमको मन की शक्ति देना', १९७१च्या 'गुड्डी' चित्रपटातले. चाल आपल्या वसंत देसाईंची, आवाज वाणी जयराम यांचा. मुले हात जोडून ऐकतात आणि रांगेने वर्गात जातात. हेच गीत वर्गाकडून म्हणवून घ्यायचे, असे मी ठरवले.

पहिल्या तासाला पेटी घेऊन बसले आणि स्वतःच्या पट्टीत, म्हणजे काळी चारमध्ये, सुरुवात केली. परीक्षेला मी त्याच पट्टीत गाते. खालच्या स्वरांवर अर्धा वर्ग पुटपुटू लागला. 'मुलांना सुराची जाण कमी', असा शेरा मी टाचणवहीत लिहून टाकला. मागच्या बाकावरच्या एका मुलाचा आवाज फुटत होता. मध्येच तो घोगरा होई, मध्येच चिरके, आणि वर्ग हसे. दोन दिवसांनी पाठाचे निरीक्षण व्हायचे होते. तेव्हा त्याला बाजूला घेऊन मी ते वाक्य सांगितले. त्याने मान डोलावली. पाठ उत्तम झाला, मला चांगला शेरा मिळाला.

पुढच्या तासाला पेटी उघडण्याआधीच तो मुलगा जवळ आला. "मॅडम, आज भी सिर्फ़ मुँह हिलाना है?" त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्याची नेमणूकच त्या कामावर झाली आहे, अशा समजुतीने तो विचारत होता. मला उत्तर सुचले नाही.

घरी हे सांगितले तेव्हा शेजारचे काका बसले होते. ते रेल्वेत गँगमन होते. ते म्हणाले, "पोरी, रूळ सरकवताना मेट हाक देतो आणि सगळ्यांच्या पहारींवर एकाच क्षणी जोर येतो. दहांतले चार नुसते 'हैशा' म्हणत राहिले, तर रूळ जागचा हलत नाही. मेटला ते तिथल्या तिथे कळते."

त्या रात्री मी याच गोष्टीचा विचार करत होते. रुळावर एक माणूस कमी पडला की काम अडते. वर्गातल्या गाण्यात तसे होत नाही. पाच मुले गप्प बसली तरी गाणे पूर्ण होते, उलट ऐकायला अधिक गोड लागते. म्हणूनच त्यांना वगळणे इतके सोपे असते. नुकसान होते ते फक्त त्यांचे, आणि ते कोणाच्या वहीत नोंदले जात नाही.

मग माझी चूक मी शोधली. मोठ्या बाईच्या पट्टीतले खालचे स्वर अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या गळ्याला पोचत नाहीत. जाण कमी होती ती माझी. पट्टी चढवून पांढरी एक धरली, तसा पुटपुटणारा वर्ग मोकळा गाऊ लागला. आवाज फुटण्याचे म्हणाल तर तो दोष नाहीच. त्या वयात मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि काही महिने गळ्यावर ताबा राहत नाही. त्या मुलाला मंद्र पंचम सहज लागत होता. तंबोऱ्याच्या तारेसारखा तेवढाच स्वर मी त्याला धरायला दिला आणि बाकीचा वर्ग त्यावर गायला. मी ओळ म्हणायची, वर्गाने झेलायची. आपल्या गेट मीटिंगला घोषणा देणारा एक आणि झेलणारे अनेक असतात, तीच ही रीत. खरे सांगायचे तर निरीक्षणाच्या दिवशीपेक्षा हे गाणे ओबडधोबड झाले. शेजारच्या वर्गातून "आवाज कमी करा" असा निरोपही आला. पण या वेळी सगळा वर्ग गात होता.

एक आक्षेप मला वारंवार ऐकावा लागतो. मुलांना धड वाचता येत नाही, तिथे गाणे काय कामाचे? गाण्याने गणित सुधारते असा दावा मी करणार नाही. पण ज्या मुलाला 'तुझा आवाज नको' असे एकदा कळले, तो पुढे प्रश्न विचारायला तोंड उघडील, याची खात्री कोणी द्यावी?

आता कायद्याकडे वळू. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे करावे असे सांगितले. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, आणि तेही विद्यार्थी १०० हून अधिक असतील तरच, कलाशिक्षणाला निदेशकाची तरतूद आहे, ती अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही नाही. 'अर्धवेळ' या शब्दामागे काय काय दडते, हे आपल्या ग्रामीण डाकसेवक बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. काम पुरते, हक्क अपुरे! उलट केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक शिक्षक (संगीत) हे स्वतंत्र पद आहे. म्हणजे पद निर्माण करता येते. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलाला जे मिळते ते कंत्राटी कामगाराच्या मुलाला का मिळू नये, हा साधा प्रश्न आहे.

कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या बळावर. दरबारातले गाणे त्यांनी वर्गात आणले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून ते कामगारांच्या चाळीत नेले. आज आपल्या अधिवेशनांत काय दिसते? स्वागतगीत भाड्याच्या वाद्यवृंदाचे किंवा ध्वनिमुद्रित, आणि प्रतिनिधी टाळ्या वाजवणारे. शाळेतल्या प्रार्थनेत आणि यात मला फरक दिसत नाही. लहानपणी तोंड हलवायला शिकलेला माणूस मोठेपणी सभेत हात वर करतो, पण बोलायला उठत नाही.

म्हणून दोन सूचना करते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अशा शाळांत आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावे : गाण्याचा तास वेळापत्रकात आहे का, तो कोण घेतो, आणि वर्गातली सगळी मुले गातात का? दुसरी सूचना संघटनेला. अर्धवेळ निदेशकांच्या कायम नेमणुकीची मागणी आपल्या मागणीपत्रकात यावी. ते शिक्षक असले तरी त्यांचे दुखणे आपल्या ओळखीचे आहे.

आणि शाखेच्या पुढच्या सभेत लाउडस्पीकर बंद ठेवून एक गीत सर्वांनी मिळून म्हणून पाहावे. सूर चुकेल, पट्टी चढेल, कोणी हसेलही. त्याला कोणी गप्प करू नये.