सायकलीवरून आजोळीं
गेल्या मार्गशीर्षांत साताऱ्याहून वाईस आमच्या आजोळीं सायकलीनें जाण्याचें आम्हीं ठरविलें, तेव्हां घरच्या मंडळींनीं आमच्या वयाचा यथेच्छ उद्धार केला. (वैद्यांचें मत आम्हीं विचारलेंच नाहीं.) अंतर सुमारें ३५ किलोमीटर. पाचवडपर्यंत मोटारींनीं जीव नकोसा केला. पुढें रस्ता ओळखीचा लागला.

वाड्याच्या वाटणीवरून मातोश्री व मामा यांचें बोलणें तुटलें, त्यास ४० वर्षें झालीं. दोघेंही आज हयात नाहींत. पण तेव्हांपासून त्या दारांत आमचें पाऊल पडलें नव्हतें. ढोल्या गणपतीस नमस्कार करून आम्ही दाराशीं उभे राहिलों. सत्याऐंशी वर्षांच्या मामी घामाघूम झालेल्या आम्हांस पाहून म्हणाल्या, “आधीं पाय धू. बोलणें मग.”

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या नातवासह मेणवलीस गेलों. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांच्या हातीं आलेली तेथील पोर्तुगीज घंटा पाहावयास मामा आम्हांस सायकलीच्या दांड्यावर बसवून नेत. नातवास हें ठाऊक नव्हतें. त्याला आम्हीं सारें सविस्तर सांगितलें.

निघतांना मामींनीं हळूच विचारलें, “वन्सं माहेरची आठवण काढीत का रे?”

“रोज,” आम्ही म्हणालों. तें खरेंच होतें. मामी कांहीं बोलल्या नाहींत; आंत जाऊन लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली व स्वतःच्या हातांनीं आमच्या कॅरिअरला बांधूं लागल्या.