लाळेवरून मनाची परीक्षा

लाळेच्या एकाच नमुन्यावरून मनाचा ताण मोजून देऊ, ही हमी आम्हांस साफ अमान्य आहे. लाळेत कॉर्टिसॉल सापडते, हे खरे. सुई टोचावी लागत नाही, ही सोयही लहान नव्हे. परंतु हे द्रव्य निरोगी माणसातही जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात वर चढते व मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. हिरड्यांतून रक्त आले तरी आकडा बिघडतो. धापा टाकीत धावून आलेला आणि धास्तावलेला, यांतील भेद तो आकडा कसा सांगणार? रात्रीच्या लाळेवरून कुशिंगच्या रोगाचा माग काढणारे वैद्यक आम्हांस आदरणीयच वाटते. १९९३ साली जर्मनीतील ट्रियरच्या संशोधकांनी भाषण व तोंडी हिशेब यांची कसोटी मांडली, तेव्हा त्यांनीही नमुने पुनःपुन्हा घेतले होते. एकुलत्या आकड्यावर कोणाची नेमणूक वा रजा ठरविण्यास आमचा विरोध आहे. ताण आहे काय, हे आधी त्या माणसाला विचारावे.