गाळणं, जीवाणी आणि नातीचा अर्ज



यंदाच्या दसलक्षण पर्वात नात माझ्याबरोबर बस्तीत स्वाध्यायाला आली होती. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन ती बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी विषय होता उत्तम सत्य. बोलणाऱ्या ताईंनी मोबाईलवर आलेला एक मेसेज वाचून दाखवला. पाणी गाळून पिण्याचा आपला नियम आता विज्ञानानेही सिद्ध केला, असं त्यात होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. परतताना रिक्षात नात म्हणाली, "आजी, तू पाणी कॉलरा होऊ नये म्हणून गाळतेस का गं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी वन्सं आल्या होत्या. नातीला पुढे एम. एस्सी. करायचं आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "रोज लाखो जीव मारायचे, असलं शिक्षण आपल्या घरात कशाला?" माझा मुलगा गप्प बसला. टेबलावरचा प्रवेशाचा अर्ज तसाच राहिला. मला रात्रभर एकच गोष्ट टोचत होती. सकाळी आम्ही विज्ञानाच्या नावाने टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळी तेच विज्ञान शिकणाऱ्या पोरीला दार लावून घेतलं.

आधी त्या मेसेजबद्दल सांगते. नातीने शोधून दाखवलं, त्यात एक गोष्ट खरी आहे. बांगलादेशात रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांना जुनी सुती साडी अनेक पदरी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात. ते किडे कापडावर अडकले आणि कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. (आपल्याकडे गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं. उद्या कुणीतरी हे दोन ४८ जोडून नवा मेसेज पाठवेल, म्हणून आधीच सांगते, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही!)

पण तो अभ्यास कॉलऱ्याचा होता, आपल्या धर्माचा नव्हता.

माझ्या माहेरी, सांगलीजवळच्या खेड्यात, वाड्यात आड होता. आई घागरीच्या तोंडावर जाड सुती कापड दुहेरी करून धरायची आणि पाणी गाळायची. ते झालं की काम संपायचं नाही. गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं, ते पाणी लहान लोट्यात घ्यायचं, लोटा दोरीने आडात पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा आणि तिथे अलगद कलता करायचा. वरून ओतायचं नाही, जिवांना आपटायचं नाही. याला जीवाणी म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. सोवळ्यातल्या घाईतसुद्धा आईने जीवाणी कधी चुकवली नाही.

आता हिशोब करा. पाणी गाळण्याने माणसाचा फायदा होतो, ते विज्ञान सांगेल. जीवाणीने माणसाचा काय फायदा? काहीच नाही. रोगाच्या दृष्टीने तर अडकलेलं पुन्हा आडात सोडणं तोट्याचंच. तरी आई ते करायची, कारण ते जीव त्यांच्या घरी परत जायला हवेत. धर्म तिथे आहे, मैत्रिणींनो, त्या लोट्यात. गाळण्यापुरतं प्रमाणपत्र मिळवून आपण टाळ्या वाजवतो आणि नळ आल्यापासून जीवाणी मात्र विसरून गेलो.

मी बी. कॉम. झाले, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा शिकलेली एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. वहीत जमेच्या नोंदी तेवढ्या घ्यायच्या आणि नावेच्या सोडायच्या, असं चालत नाही. गाळण्याला विज्ञानाची साक्ष काढायची असेल तर जंबूद्वीपालाही काढावी लागेल. आपल्या ग्रंथांत जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र सांगितले आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, तेव्हा आपण सगळ्यांनीच टीव्हीसमोर आनंद केला. त्यातल्या लँडरचं नाव विक्रम, जैन घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाईंच्या नावावरून ठेवलेलं. ते यान एकाच चंद्राचा हिशोब धरून गेलं आणि पोचलं. आकाशाच्या नकाशासाठी मी त्यांचं ऐकते. कसं जगावं, किती घ्यावं, कुणाला दुखवू नये, यासाठी शास्त्रापुढे हात जोडते. काही जणींना हे आवडणार नाही. पण उत्तम सत्याच्या दिवशी टाळ्या वाजवल्यावर एवढं तरी खरं बोलायला हवं.

आता वन्संचा प्रश्न. तो खोटा नाही, म्हणून टाळणार नाही. नातीच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह नावाचं यंत्र असतं. १२१ अंशांवर, वाफेच्या दाबाखाली पंधरा-वीस मिनिटांत त्यातले सगळे जंतू मरतात. "आजी, तुझ्या कुकरचा मोठा भाऊ," असं ती म्हणते. मग कुकर लावणारी मी कोण? चौका लावताना पाणी उकळणाऱ्या आपण सगळ्या कोण?

आपल्या आचार्यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं म्हणून मारणं ते संकल्पी, ते गृहस्थाने सोडायचंच. चुलीपाशी घडते ती आरंभी, पोटापाण्याच्या कामात घडते ती उद्योगी. ती पूर्ण सुटत नाही, पण सावधपणे कमी करत राहायची. शेती, दुकान, दवाखाना यांना हा नियम लागतो, मग प्रयोगशाळेला का नाही? १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथे प्राणी वापरूच नका, वापरावे लागले तर कमीत कमी वापरा आणि त्यांना कमीत कमी त्रास द्या. ते आपले ग्रंथ वाचून आले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वाटेने ते तिथे पोचले. अशा ठिकाणी आपली एक मुलगी असली तर बरंच की.

दौलतसिंह कोठारी हे नाव शिक्षण आयोगामुळे तुम्ही ऐकलं असेल. उदयपूरचे जैन, मोठे भौतिकशास्त्रज्ञ आणि संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार. १९५६ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक निघालं. बाँबने काय काय होतं हे लोकांना कळावं म्हणून ते काम होतं. अहिंसा मानणाऱ्या माणसाने अणूकडे पाठ फिरवली नाही. त्याने तो नीट अभ्यासला आणि जे दिसलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना हे सगळं सांगितलं. त्या पूर्ण पटल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, पण तिने प्राणी कापायचे नाहीत." नात म्हणाली, "नाही कापणार आत्याआजी. जिथे तशी गरज नाही असाच विषय निवडणार आहे." तेवढ्यावर दोघींचं जमलं. अर्जावर मुलाने सही केली.

रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तरही मी तिला दिलं. "मी पाणी माझ्यासाठी गाळत नाही बाळ, त्यांच्यासाठी गाळते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या पुस्तकात जिवाणू, तुझ्याकडे जीवाणी. शब्द सारखेच वाटतात गं."

आता आमच्याकडे आड नाही. गाळणं धुतलेलं पाणी मी वाटीत घेते आणि तुळशीशेजारच्या ओल्या कुंडीत हळूच सोडते. परवा ते काम नातीने केलं. वाटी अगदी मातीला टेकवून.