सेमिनरीतून परत आलेला मुलगा

पास्काकाळाच्या चौथ्या रविवारी जगभरच्या ख्रिस्तमंदिरांतून पाचारणाकरिता प्रार्थना होते. हा प्रार्थनादिन पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत १९६४ साली सुरू झाला. त्या दिवशी आमच्या गावोगावी ‘प्रभो, आम्हांस धर्मगुरू दे’ अशी मोठ्या भक्तीने विनवणी होते. परंतु धर्मगुरू घडतो कसा, आणि त्या घडणीत घराचा व गावाचा वाटा किती, याचा विचार क्वचितच केला जातो.

मुलगा सेमिनरीत गेला म्हणजे तो फादर झालाच, मधली वर्षे केवळ पुस्तके वाचण्याची, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती वर्षे पारखण्याची असतात. धर्मप्रांतांनी सेमिनरी चालवाव्यात असे त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली ठरविले, ते याच हेतूने. आजच्या ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान व ईशज्ञान मिळून सहा वर्षांचे अध्ययन होते. त्यानंतर डीकनची दीक्षा. आणि ती व गुरुदीक्षा यांमध्ये निदान सहा महिन्यांचे अंतर असावे लागते. त्या काळात डीकन एखाद्या धर्मग्रामात राहतो, प्रवचन करतो, स्नानसंस्कार देतो. आजाऱ्याच्या खाटेपाशी किती बोलावे व केव्हा गप्प बसावे, हे त्यास तेथेच कळते. ग्रंथांत ते सापडत नाही.

भाषेचेही तसेच. आमच्या या सीमाभागात घरी कोंकणी, मंदिरात मराठी आणि कचेरीत कन्नड. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले ते १६१६ साली. एका इंग्रज माणसाने आमच्या भाषेकरिता एवढी वर्षे वेचली. तेव्हा आपणांस मराठी उपजतच येते असे आमच्या तरुण डीकनांनी समजू नये, हे ओघाने सांगून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. दीक्षा घेणारा पूर्णपणे स्वतंत्र असावा, त्याजवर कोणीही कसलीही बळजबरी करू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. बळजबरीस काठीच लागते असे नाही. आजीने नवस बोललेला असतो. आईने साऱ्या वाड्यास सांगितलेले असते. झग्यातील फोटो भिंतीवर लागलेला असतो, आणि पहिल्या मिस्सेच्या जेवणास किती माणसे बोलवावी याचा हिशेब बाबा आतापासूनच करीत असतात. अशा घरातील मुलास तिसऱ्या वर्षी शंका आली, तर ती तो कोणाजवळ बोलणार? तो गप्प राहतो, पुढे जातो, वेदीवरही चढतो. मग त्याचे दुःख त्याजबरोबर सारा धर्मग्राम भोगतो.

उलट जो धैर्याने परत येतो, त्याची आम्ही काय गत करतो? चहाच्या दुकानात त्यास विचारतात, “काय रे, काढून टाकले काय?” तो मंदिरात शेवटच्या बाकावर बसू लागतो, नंतर तेथूनही नाहीसा होतो. वडील त्याजशी बोलत नाहीत. जणू त्याने चोरी केली! अहो, पारख करावयाची म्हटल्यावर उत्तर ‘नाही’ असेही येणारच. जेथे ‘नाही’ म्हणण्यास जागा नाही, तेथील ‘होय’वर बिशपस्वामींनी तरी विश्वास कसा ठेवावा?

म्हणून मुलगा ट्रंक उचलून निघतो त्याच दिवशी वडिलांनी त्यास स्पष्ट सांगावे, “बाळ, तुझे मन तेथे रमले नाही तर हे घर तुझेच आहे.” आईनेही ते ऐकावे. नवस आजीचा असेल, तर तो आजीनेच फेडावा.

आमच्याकडे असा मुलगा परत आला की पहिल्या पंधरवड्यात आम्ही त्यास काहीएक विचारीत नाही. त्यानंतर रविवारच्या धर्मशिक्षणाचा एखादा वर्ग त्यास देऊ करतो. पहिल्यांदा तो बहुधा नको म्हणतो. दुसऱ्यांदा विचारले म्हणजे येतो.