पस्तीस हजार डॉलर्सचे ‘साहेब’

अमेरिकेतील कामगार कायद्यांची चर्चा निघाली की आपले अनेक सुशिक्षित समाजबांधव ती दुसऱ्या कोणाची तरी चर्चा आहे असे समजून बाजूला होतात. ‘ओव्हरटाइम हा कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न, आपण पगारदार, आपण प्रोफेशनल’ हे वाक्य जयंतीच्या कार्यक्रमानंतरच्या गप्पांत हमखास ऐकू येते. ज्या समाजाच्या मागच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या यार्डात आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये राबल्या, त्या समाजाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही की, हे वाक्य खोटे आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत या देशात ओव्हरटाइमच्या नियमांवरून जो राजकीय संघर्ष झाला, तो मुख्यत्वे पगारदार माणसाविषयीच झाला. कामगाराला ‘साहेब’ ही पदवी द्यायची आणि तिच्या बदल्यात त्याचा हक्क काढून घ्यायचा, असा या साऱ्या खटाटोपाचा सरळ अर्थ आहे. नाव बदलून माणसाचा हक्क हिरावण्याची ही युक्ती आपल्याला तरी नवी वाटू नये.

मूळ कायदा काय आहे ते प्रथम पाहू. २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. आठवड्याच्या कामाची मर्यादा आधी ४४ तास ठरली आणि १९४० पासून ती ४० तासांवर आली. त्यापुढील प्रत्येक तासाला दीडपट मजुरी देणे मालकावर बंधनकारक झाले. यामागचा हेतू दुहेरी होता. माणसाला रात्रंदिवस जुंपणे मालकाला महाग पडावे, आणि महामंदीत घरी बसलेल्या बेकारांना ते उरलेले काम मिळावे. म्हणजे ही दीडपट मजुरी मालकाने दिलेली बक्षिसी नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातील वेळ ओरबाडल्याबद्दलचा तो दंड आहे.

परंतु या कायद्याला जन्मापासूनच दोन दारे होती. एका दाराने शेतमजूर बाहेर ठेवले गेले आणि घरकामगारांनाही कायद्याच्या कक्षेत घेतले गेले नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा फार मोठा भाग याच दोन व्यवसायांत होता, हा योगायोग नव्हे. १९३७ च्या चर्चेत फ्लॉरिडाचे प्रतिनिधी मार्क विल्कॉक्स यांनी, काळ्या व गोऱ्या माणसाला एकच मजुरी देणे दक्षिणेत चालणार नाही, असा मुद्दा सभागृहात उघडपणे मांडला होता. शेतमजुरांना किमान वेतन मिळण्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले; केंद्रीय कायद्याने त्यांना ओव्हरटाइम आजही दिलेला नाही. घरकामगारांना १९७४ मध्ये कायद्याने जवळ केले, पण मालकाच्या घरीच राहणाऱ्यांना ओव्हरटाइममधून वगळले. वृद्ध आणि आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना तर २०१५ पर्यंत थांबावे लागले, आणि जुलै २०२५ मध्ये तो हक्कही परत घेण्याचा प्रस्ताव श्रम खात्याने मांडला. ज्यांचे श्रम समाजाने हलके ठरविले, त्यांच्या श्रमांची मोजदादही कायद्याने टाळली. मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे अस्पृश्याला शिरकाव नव्हता. कारण धागा जोडताना थुंकी लावावी लागे आणि त्याचा विटाळ होई. देश वेगळा, कारण वेगळे. पण परिणाम तोच.

दुसरे दार वरच्या मजल्यावर होते. कार्यकारी, प्रशासकीय आणि व्यावसायिक कामे करणाऱ्यांना कायद्याने ओव्हरटाइममधून वगळले आणि त्यांची व्याख्या करण्याचे काम श्रम खात्यावर सोपविले. आपल्या नेमणूकपत्रात ‘एग्झेम्प्ट’ हा जो शब्द असतो तो इथून आला. खरा अधिकारी कोण आणि नावाचा अधिकारी कोण, हे ठरविण्यासाठी खात्याने दोन कसोट्या ठेवल्या: कामाचे स्वरूप आणि पगाराची किमान मर्यादा. दुसरी कसोटी महत्त्वाची. कारण कामाच्या स्वरूपाविषयी कितीही शब्दच्छल करता येतो, पगाराच्या आकड्याविषयी करता येत नाही. १९७५ मध्ये सर्वसाधारण मर्यादा आठवड्याला २५० डॉलर्स होती. त्यानंतर २९ वर्षे तिला कोणी हात लावला नाही. महागाई वाढत गेली, पगाराचे आकडे फुगत गेले आणि मर्यादा जागच्या जागी गोठून राहिली. ओबामा प्रशासनाने पुढे सांगितलेला हिशेब असा की, १९७५ मध्ये पूर्ण वेळ पगारदारांपैकी ६२ टक्के लोकांना केवळ पगाराच्या कसोटीवर संरक्षण मिळत होते. ते प्रमाण ७ टक्क्यांवर आले. एकही कायदा रद्द न करता हे घडले. निव्वळ स्वस्थ बसून हक्क कसा मारता येतो याचा हा धडा आहे.

२००३ साली धाकट्या बुश यांच्या प्रशासनाने नियम बदलण्यास घेतले आणि संघर्ष उघड्यावर आला. पगाराची मर्यादा थोडी वाढवायची आणि त्याच वेळी कामाच्या स्वरूपाच्या व्याख्या सैल करायच्या, असा तो प्रस्ताव होता. श्रममंत्री एलेन चाओ यांच्या खात्याने सांगितले की, १३ लाख कमी पगाराच्या लोकांना नव्याने ओव्हरटाइम मिळेल. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने सांगितले की, ८० लाखांचा जाईल. सिनेटर टॉम हार्किन यांची विरोधी दुरुस्ती सप्टेंबर २००३ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४५ मतांनी संमत केली. पुढच्या महिन्यात कनिष्ठ सभागृहाने २२१ विरुद्ध २०३ मतांनी तोच कौल दिला. तरीही नकाराधिकाराच्या धमकीपुढे ही दुरुस्ती अंतिम विधेयकातून गाळली गेली आणि २३ ऑगस्ट २००४ पासून नवे नियम अमलात आले. दरम्यान, जानेवारी २००४ मध्ये वृत्तपत्रांतून एक बाब उजेडात आली होती. ज्यांना नव्याने ओव्हरटाइम द्यावा लागेल त्यांच्या बाबतीत खर्च कसा वाचवावा, याचे मार्ग खात्याने प्रस्तावातच मालकांना सुचविले होते. मूळ दर इतका कमी करावा की ओव्हरटाइम धरूनही एकूण रक्कम तेवढीच राहील. किंवा पगार किंचित वाढवून माणसाला मर्यादेच्या पलीकडे ढकलावे! कामगारांच्या रक्षणासाठी निर्माण झालेले खाते मालकांचे मुनीम झाले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती ती कोणती?

पुढचा इतिहास थोडक्यात असा. ओबामा प्रशासनाने २०१६ मध्ये मर्यादा वर्षाला ४७,४७६ डॉलर्सवर नेली. टेक्सासमधील केंद्रीय न्यायाधीशांनी ती अमलात येण्याच्या नऊ दिवस आधी रोखली. ट्रम्प प्रशासनाने २०१९ मध्ये ३५,५६८ डॉलर्सचा आकडा ठरविला, तो २०२० पासून लागू झाला. बायडन प्रशासनाने २०२४ मध्ये ती मर्यादा टप्प्याटप्प्याने ५८,६५६ डॉलर्सपर्यंत नेण्याचे ठरविले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधीलच न्यायालयाने तो नियमही साऱ्या देशापुरता रद्द केला. सुमारे ४० लाख लोकांच्या तोंडचा घास एका निकालाने गेला आणि आकडा पुन्हा ३५,५६८ वर आला.

या आकड्याचा अर्थ आपल्या घरातल्या भाषेत समजून घेऊ. आठवड्याला ६८४ डॉलर्स मिळविणारा एखाद्या दुकानाचा ‘असिस्टंट मॅनेजर’ घ्या. तो माल लावतो, गल्ल्यावर उभा राहतो, माणूस आला नाही तर फरशीही पुसतो. पण व्यवस्थापन हे त्याचे मुख्य काम असल्याचे मालकाने दाखविले की, २००४ च्या नियमांप्रमाणे तो ‘अधिकारी’ ठरू शकतो. त्याने ६० तास काम केले तर त्याला तासाला ११ डॉलर्स ४० सेंट्स पडतात. अनेक राज्यांतील किमान वेतनही याहून अधिक आहे. तोच पगार ४० तासांचा मानून वरच्या २० तासांना दीडपट दिली असती तर त्याला दर आठवड्याला आणखी ५१३ डॉलर्स मिळाले असते. ‘मॅनेजर’ या एका शब्दाची किंमत आठवड्याला ५१३ डॉलर्स! न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी स्वतःची उंच मर्यादा ठेवली आहे. परंतु सर्व समाजबांधव त्याच राज्यांत राहत नाहीत.

आणि आपले संगणक अभियंते? त्यांच्यासाठी १९९६ साली, क्लिंटन यांच्या कारकीर्दीत, काँग्रेसने वेगळे कलमच केले. ताशी २७ डॉलर्स ६३ सेंट्स मिळविणारा प्रोग्रॅमर ओव्हरटाइमच्या बाहेर. हा आकडा त्या वेळच्या किमान वेतनाच्या साडेसहापट होता. आज तीन दशके होत आली, आकडा तोच आहे. तेव्हा दोष एकाच पक्षाचा आहे असे मानून कोणी समाधान करून घेऊ नये. व्हिसा मालकाच्या हाती, ग्रीन कार्डाची रांग लांब, आणि रात्री दोन वाजता फोन वाजला तर उठणे भाग; या माणसाने ‘मी कामगार नाही’ म्हणावे, हे आश्चर्य आहे.

नियम सैल करू पाहणारे म्हणतात की कामगाराचीच संमती आहे, त्यालाच लवचीकपणा हवा आहे. हा युक्तिवाद जुना आहे. १९०५ साली ‘लॉकनर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांची आठवड्याला ६० तासांची मर्यादा याच ‘कराराच्या स्वातंत्र्या’च्या नावाने रद्द केली होती. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात या स्वातंत्र्याचा बुरखा फाडला. राज्यसंस्था बाजूला झाली की कामाचे तास वाढविण्याचे आणि मजुरी घटविण्याचे स्वातंत्र्य भांडवलदाराच्या पदरात पडते, आणि उपाशी माणसाला त्या स्वातंत्र्याचा काडीचाही उपयोग होत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. सही करणाऱ्याला नाही म्हणण्याची ताकद नसेल, तर त्या सहीला संमती कसे म्हणावे?

२०२५ मध्ये मंजूर झालेल्या ओव्हरटाइमवरील करसवलतीचे ढोल आपल्याही काही घरांत वाजले. २०२५ ते २०२८ या काळात एकट्या करदात्याला १२,५०० डॉलर्सपर्यंत, तर एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २५,००० डॉलर्सपर्यंत वजावट मिळते. पण कशावर? याच कायद्याने ज्यांना दीडपट मजुरी मिळते, त्यांच्या त्या वरच्या अर्ध्या भागावर. ज्याला ‘साहेब’ करून वर्तुळाबाहेर काढले, त्याला यातला एक सेंटही नाही. शिवाय सवलत सरकारी तिजोरी देते, मालकाच्या खिशाला तोशीस पडत नाही. वर्तुळ लहान ठेवायचे आणि आत उरलेल्यांना खाऊ वाटायचा, ही उदारता आपण ओळखली पाहिजे.

हे सारे आंबेडकरी माणसाने का बोलावे? कारण हा विषय आपल्या चळवळीच्या गाभ्यातला आहे. अमेरिकेत हा कायदा झाला त्याच १९३८ साली, फेब्रुवारीत, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. आणि ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप घडविला. व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ च्या कारखाने दुरुस्तीने त्यांनी बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणला आणि जादा कामाचा दर दुप्पट केला. लक्षात घ्या, अमेरिका दीडपट देते. बाबासाहेबांनी गुलाम देशातील मजुराला दुप्पट दिली. त्यांच्याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. तिथेही कामगाराच्या लेखी संमतीचेच नाव पुढे केले आहे. इथला प्रश्न आणि तिथला प्रश्न वेगळा नाही.

म्हणून काही गोष्टी आपल्या संघटनांनी आजपासून कराव्यात. जयंतीच्या कार्यक्रमात सत्कार आणि भोजन यांबरोबर एक तास कामगार कायद्याला द्यावा. प्रत्येकाने आपल्या कामाच्या तासांची स्वतः नोंद ठेवावी. नेमणूकपत्रातील पदनामावर न जाता आपण प्रत्यक्ष काय काम करतो ते कायद्याशी ताडून पाहावे. थकलेल्या मजुरीचा दावा दोन वर्षांच्या आत, आणि मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला असल्यास तीन वर्षांच्या आत करता येतो. तक्रार केली म्हणून कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. आणि व्हिसा नाही म्हणून केलेल्या कामाची मजुरी बुडत नाही. ही माहिती घराघरांत पोचली पाहिजे.

आणखी एक गोष्ट, कटू वाटली तरी सांगितली पाहिजे. आपल्यापैकी काही आज स्वतः मालक आहेत. कोणाचे मोटेल आहे, कोणाचा पेट्रोल पंप, कोणाची सॉफ्टवेअर कंपनी. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि दुकानात ६० तास राबणारा ‘मॅनेजर’, हे एकत्र नांदू शकत नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला, मग तो मेक्सिकोचा असो, ग्वाटेमालाचा असो की विदर्भाचा, त्याच्या एकेका तासाचा मोबदला मिळाला पाहिजे. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. दुसऱ्याचा न मोजलेला वेळ ज्या मिळकतीत मिसळला आहे, ती सम्यक कशी म्हणता येईल?

ज्यांना शतकानुशतके बलुत्याच्या भाकरतुकड्यावर राबविले गेले आणि ज्यांच्या राबण्याला कधी घड्याळ नव्हते, त्यांचे आपण वंशज आहोत. श्रमाचा तास मोजला जावा, हा अधिकार आपल्या लोकांनी फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन मिळविला. एका इंग्रजी पदनामाच्या मोहापायी तो सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

जय भीम!